नवा कॉम्प्युटर आत्ताच घ्यावा, की भाव उतरेपर्यंत थांबावं?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. नागपूरला महाल भागात माझं घरगुती डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं मांडण्याचं काम आहे. लग्नपत्रिका, शोकपत्रं, पीएचडीचे प्रबंध, दोन छोटी मासिकं आणि वर्षातून एक दिवाळी अंक. मशीन २०१६ चं. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबून मी पोह्यांना फोडणी घालते. पोहे होतात, खाऊनही होतात, तेव्हा कुठे स्क्रीनवर सगळं दिसायला लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ टाकायला गेलं तर मशीन सरळ नाही म्हणतं, प्रोसेसर जुना आहे. दिवाळीनंतर नवा घेऊ असं ठरलं होतं, पण दिवाळी अंकाचे पैसे आले नाहीत (अजून आले नाहीत, ती कथा वेगळी). आता बर्डीच्या बाजारात गेले तर ऑगस्टमध्ये ४६ हजारांचं दिलेलं कोटेशन दुकानदाराने त्याच कागदावर खोडून ५५ केलं. म्हणे रॅम महागली. मला वाटलं बाई बघून चढवतोय, म्हणून आणखी दोन दुकानं फिरले. तिथेही तेच.

मुलगा बारावीत आहे, तो म्हणतो, "आई थांब, उतरेल." नवरा म्हणतो, "घेऊन टाक, अजून चढेल." दोघांपैकी पैसे कोणीच देणार नाही. बजेट ५० पर्यंत. काय करू?

तर्रीबाज
आधी पोहे कसे करता ते सांगा. तर्री चण्याची की रश्शाची? मशीनचं मग पाहू.

बर्डीकर
ताई, दुकानदार खोटं नाही बोलत. मी पंधरा वर्षं जुळणी आणि दुरुस्तीच करून राहिलो, असा भाव मीही पहिल्यांदाच पाहतोय. सप्टेंबरात डीडीआर५ रॅमची १६ जीबीची पट्टी ज्या भावात मी गिऱ्हाइकाला दिली, त्याच्या दुपटीच्या वर आज मलाच खरेदी पडते. होलसेलवाला सकाळचा भाव संध्याकाळी मानत नाही.

कारण असं. जगातली जवळजवळ सगळी रॅम तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरला एचबीएम नावाची वेगळी मेमरी लागते, तिच्यात नफा जास्त, आणि तेवढ्याच जीबीला सिलिकॉनही जास्त खर्ची पडतं. मग कारखाने तिकडे वळले. आपल्या साध्या पट्टीसाठी उरलं काय? मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला जाहीरच केलं की क्रूशल हा गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करणार, फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल येईल. त्यात त्याच आठवड्यात डॉलर ९० रुपयांच्या पार गेला. सगळा माल बाहेरचा.

हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान एसएसडीही चढून राहिल्या. प्रोसेसर आणि मॉनिटर मात्र फारसे हलले नाहीत.

वऱ्हाडी_पोट्टा
म्हंजे एआयनं आमचं काम तं खाल्लंच, आता रॅमबी खाल्ली. पुढच्या पोळ्याच्या पाडव्याले मारबतीसोबत ओरडाच लागते, "रॅमचे भाव घेऊन जा गे मारबत!"

तर्रीबाज
+१. आणि दिवाळी अंकाचे पैसे बुडवणाऱ्याचा बडग्या.

जुना_जाणता
मुलगा आणि नवरा दोघंही बरोबर आहेत, फक्त काळ वेगवेगळा सांगताहेत.

मी १९९४ पासून कॉम्प्युटर विकत घेतोय. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क एका महिन्यात कडाडल्या. तेव्हा मी "दोन महिने थांबतो" म्हटलं आणि वर्षभर थांबलो. २०१३ च्या सप्टेंबरात हायनिक्सच्या चीनमधल्या कारखान्याला आग लागली, रॅम चढली. २०१७-१८ ला पुन्हा चढली, २०१९ ला धाडकन उतरली. २०२१ ला ग्राफिक्स कार्डांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दरवेळी उतरले हे खरं. पण पूर ओसरतो, आग विझते. या वेळी मागणीच दुसरीकडे गेली आहे, आणि नवा कारखाना उभा राहून त्यातून माल निघायला दोन-तीन वर्षं जातात. गुढीपाडव्याला स्वस्त होईल या आशेवर बसू नका.

थांबायचं असेल तर कशासाठी थांबता ते लिहून ठेवा. "भाव उतरेल" म्हणून थांबणं म्हणजे रोहिण्या बरसतील म्हणून आदल्या अमावस्येलाच पेरून ठेवण्यासारखं आहे.

हिंगण्याहून
गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे ना? मग आपल्याकडे स्वस्त मिळायला हवी.

बर्डीकर
साणंदला चिप बनत नाही भाऊ. बाहेरून आलेल्या चिपची पॅकिंग-टेस्टिंग होते. इडली दुसरीकडे वाफवायची आणि आपण पानात वाढायची, तसं. भावात काही फरक नाही.

हिंगण्याहून
आणि तो आपल्या बुटीबोरीला का नाही आणला, हा खरा प्रश्न आहे. तळेगावचा प्रकल्पही २०२२ ला

मिहानवासी
हिंगणेकर, नका. मागचा धागा याच वळणावर ११० प्रतिसादांनंतर बंद झाला होता, आणि तो संत्र्याच्या लोणच्याचा होता.

पेंग्विनप्रेमी
कुणीच कसं बोललं नाही? मशीन उत्तम आहे. विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, एक रुपया खर्च नाही. विंडोजचे प्रोग्रॅम चालवायला वाईन आहे.

वर्धेकर
आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. वाईन इन्स्टॉल केली तर पोलीस येतील का?

पेंग्विनप्रेमी
हा विनोद मी दहा वर्षांत चाळीस वेळा ऐकला आहे. त्यातल्या एकोणचाळीस वेळा वर्ध्याच्या माणसाकडून.

अर्धवट_सीए
निळी_शाई भाऊ, कराचं पाहून ठरवा. कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के. सप्टेंबर २०२५ च्या बदलात मोठे मॉनिटर आणि टीव्ही २८ वरून १८ वर आले, पण कॉम्प्युटर आधीपासून १८ लाच होता, तो जैसे थे. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर ते १८ टक्के परत वळते होतात, म्हणजे ५५ चं मशीन साडेसेहेचाळीसला पडतं. आयकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे. पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच मिळतो. आत्ता डिसेंबरात घेतलं तर यंदा २० टक्के.

निळी_शाई
भाऊ नाही, ताई. आणि माझी उलाढाल ऐकलीत तर तुम्ही मलाच घसारा लावाल. नोंदणी नाही. रिटर्न ४४एडीमध्ये भरते, छोट्या धंद्याचा नफा ठोक टक्क्याने धरतात त्यात.

अर्धवट_सीए
माफ करा ताई. ४४एडीमध्ये असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही, त्या ठोक टक्क्यातच धरलेला असतो. म्हणजे माझा वरचा सगळा प्रतिसाद रद्द समजा.

ठाणेकर
मी तर म्हणेन लॅपटॉप घ्या. जागा कमी, वीज कमी. किंवा सरळ मॅक मिनी. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून कमीत कमी १६ जीबीच देतात, आणि तयार मशीनचे भाव सुट्या पट्टीसारखे रोज हलत नाहीत.

कूलरखाली_बसलेला
ठाण्याचे पाहुणे, मे महिन्यात या. ४५ डिग्रीला लॅपटॉप मांडीवर घेऊन दाखवा, पोळ्या आम्ही त्यावरच शेकतो.

पण ताई, एक मनापासून. नागपुरात मशीन म्हातारपणाने कमी मरतात आणि कूलरने जास्त. खिडकीतल्या कूलरचं तोंड कॅबिनेटकडे असेल तर ओली हवा, खाऱ्या पाण्याची भुकटी आणि ताटीचा भुसा सगळं आत जातं. माझ्या भावाच्या मदरबोर्डवर पांढरी खपली धरली होती. आणि नवतपात डीपी उडते, लाइट येते-जाते. नवं घ्या की जुनं ठेवा, आधी यूपीएसची बॅटरी बघा. तीन वर्षांवर गेली असेल तर तो डबा नुसता शोभेचा.

धरमपेठी_काकू
आमच्याकडे यूपीएसवर बाळकृष्ण ठेवलाय. उंची बरोबर येते.

मिहानवासी
मूळ प्रश्नावर माझं मत: घेऊन टाका. नऊ हजार जास्त गेले तर जाऊ द्या. मशीन सात-आठ वर्षं वापरणार, म्हणजे महिन्याला शंभर रुपये. रोज सकाळी वीस मिनिटं वाया जातात त्यांची किंमत धरा ना. लग्नसराईत एका पत्रिकेची ऑर्डर हातची गेली तरी तेवढे गेलेच.

फक्त बर्डीला अधिवेशन संपल्यावर जा. टेकडी रोडवर मोर्चे अडवलेले असतात, व्हरायटी चौकापासून चालत जावं लागेल.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार. आता खरं सांगते, कारण कुठेतरी सांगायलाच हवं. पैसे हे अर्धंच कारण आहे. माझं निम्मं काम अजून पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमवर आहे, आणि मराठी फाँटचं जे सॉफ्टवेअर आहे ते डोंगलवर चालतं, म्हणजे मशीनला ती किल्ली लावल्याशिवाय उघडत नाही. डोंगल यूएसबीचं नाही. मागे प्रिंटरचं २५ पिनांचं पोर्ट असतं ना, त्यात लागतं. वीस वर्षांच्या फायली त्यात आहेत. दोन्ही मासिकांचे संपादक "मागच्या अंकासारखंच" म्हणतात, म्हणजे मागची फाइल उघडावी लागते. नव्या मशीनवर तीच फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. नवीन कामं मी युनिकोडमध्येच करते, पण जुनी ही अशी अडकली आहेत.

तर्रीबाज
धागा आता सुरू झाला.

बर्डीकर
अरे बाप्पा. ताई, हे आधी सांगायचं ना! ५५ हजारांचं मशीन घेऊन घरी गेल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी डोंगल हातात घेऊन परत आल्या असत्या. नव्या बोर्डवर ते पोर्ट सहसा नसतं. कार्ड टाकून पोर्ट आणलं तरी डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा असणार, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. ३२ बिटचा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो, ३२ बिटचा ड्रायव्हर नाही चालत.

म्हणजे आत्ता तुमची विंडोज १० सुद्धा ३२ बिट असणार. सेटिंग्जमध्ये "अबाउट" उघडा आणि रॅमसमोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

निळी_शाई
८.०० जीबी (३.४१ जीबी वापरण्याजोगी).

बर्डीकर
घ्या. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम दिसतच नाही. तुमची निम्म्याहून जास्त रॅम नऊ वर्षं झोपून राहिली आहे. आज सोन्याच्या भावाची वस्तू!

आता दुसरा प्रश्न. चालू असताना डब्यातून टिकटिक आवाज येतो का?

निळी_शाई
येतो. मला वाटायचं भिंतीवरचं घड्याळ आहे.

बर्डीकर
घड्याळ नाही. हार्ड डिस्क आहे. आज रात्री पत्रिका-बित्रिका राहू द्या. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, फाँटसुद्धा. त्यानंतरच पुढचं बोलू.

जुना_जाणता
बर्डीकरांना दंडवत. आम्ही थायलंड-चीन फिरून आलो आणि दुखणं ताईंच्या टेबलाखालीच होतं.

पेंग्विनप्रेमी
व्हर्च्युअल मशीन? नव्या मशीनच्या पोटात जुनी विंडोज बसवायची.

बर्डीकर
यूएसबी डोंगल असतं तर पहिल्यांदा तेच सांगितलं असतं. तुमचं २५ पिनांचं, पॅरलल पोर्टचं डोंगल आतपर्यंत पोचवणं म्हणजे झमेला. शिवाय एका मशीनमध्ये दोन विंडोज पोसायच्या तर १६ जीबी तरी पाहिजे, आणि आपण निघालो कुठून? रॅम महाग आहे इथूनच ना.

माझं मत आता बदललं. नवं घेऊच नका, आणि नुसतं थांबूही नका. जुन्या मशीनमध्ये २४० जीबीची साटा एसएसडी टाका, आहे ती विंडोज जशीच्या तशी तिच्यावर उतरवून घ्या. इंटरनेटची वायर काढून टाका. ते मशीन फक्त पेजमेकरचं. सपोर्ट संपल्याची भीती नेटवर असणाऱ्याला. इंटरनेट, ईमेल, युनिकोडची कामं यासाठी ऑफिसातून निघालेलं रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या, आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं. त्यातली रॅम जुन्या भावात विकत घेतलेली असते, म्हणून ही मशीन अजून नव्याइतकी चढली नाहीत.

मिहानवासी
इथे असहमत. आठवी पिढी म्हणजे २०१७-१८. नऊ वर्षांचं मशीन टाकून आठ वर्षांचं आणायचं? विंडोज ११ च्या यादीत ती सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. पुढच्या वेळी पायरी वर सरकली की ताई पुन्हा इथेच. शिवाय रिफर्बिश्डवाल्याची वॉरंटी म्हणजे त्याचा मोबाइल लागेपर्यंत.

बर्डीकर
वॉरंटीचं खरं आहे. म्हणून घेताना दुकानातच चालू करून बघायचं. विंडोज ११ अस्सल ॲक्टिव्हेट आहे का, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय टीपीएम २.० चालू आहे का, एसएसडीची तब्येत किती टक्के दाखवते. पण भाऊ, तुम्ही म्हणता तसं नवं घेतलं तरी पेजमेकरसाठी जुनं ठेवावंच लागणार. मग दुसऱ्या मशीनवर ५५ घालायचे की वीसच्या आत बसायचं? भाव उतरले की दोन-तीन वर्षांनी हवं ते नवं घ्या. थांबायचंच आहे, पण चालत्या गाडीत बसून थांबा.

मिहानवासी
गाडीची उपमा चांगली आहे. मत तेच आहे.

ठाणेकर
विंडोज १० ला एक वर्ष वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात ना? १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर झालं. मग घाई कशाला?

कूलरखाली_बसलेला
विंडोज वर्षभर टिकेल हो. टिकटिक करणारी डिस्क टिकेल का?

धरमपेठी_काकू
बॅकअप घेतला का गं बाई? कोणीतरी तिला विचारा.

निळी_शाई
घेतला काकू. रात्री अडीचपर्यंत बसले होते. ४१ जीबी भरलं. त्यात २००९ मधल्या माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिकाही सापडली, "आहेर आणू नये"च्या जागी मी "आहेर आणावे" छापलं होतं ती. भरपूर आले होते.

तर्रीबाज
डीटीपीवाल्यांना मुद्रितशोधक का लागतो याचं शास्त्रीय उत्तर.

*(तीन आठवड्यांनी)*

निळी_शाई
धागा वर काढते, कारण वर विचारून पळून गेलेल्यांत मला जमा व्हायचं नाही.

बर्डीकरांनी सांगितलं तसंच केलं, थोडं वेगळं. जुन्या मशीनमध्ये एसएसडी बसवून घेतली. त्या मुलाने कॅबिनेट उघडलं तेव्हा कूलरखालच्या भाऊंची आठवण झाली, आतून धुळीची अख्खी गादी निघाली. टेबलाची जागा बदलली. नेटची वायर काढली. यूपीएसची बॅटरी बदलली (काकू, आमच्या यूपीएसवर गणपती होता, तो आता शेल्फवर).

दुसरं मशीन रिफर्बिश्डच घेतलं. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी, २५६ ची एसएसडी, १७ हजार ५००. तीन दुकानं पाहिली. एकाचं विंडोज ॲक्टिव्हेट नव्हतं, "घरी गेल्यावर होऊन जाईल" म्हणाला, उठले. दुसऱ्याने टीपीएम म्हणजे काय ते मलाच विचारलं. तिसऱ्याकडे सगळं दाखवायला तयार होते, तिथे घेतलं.

आणि खरी मजा पुढे आहे. जुन्या मशीनमध्ये ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, डीडीआर४. जुन्याला एकच पुरते, दुसरी काढली आणि नव्यात लावून पाहिली. चालली. आता नव्यात १२ जीबी आहे आणि जुन्याच्या चालीत काडीचा फरक नाही. मुलगा म्हणाला, वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र घातल्या की हळू असलेल्या पट्टीच्या वेगाने चालतात. चालू दे. आमच्या घरात सगळं असंच चालतं.

मिहानवासींचं म्हणणं मला अजून टोचतं. पाच वर्षांनी कदाचित ते बरोबर ठरतील. पण उरलेले तीस हजार बँकेत आहेत आणि लग्नसराईच्या पत्रिका चालू आहेत.

मिहानवासी
ताई, टोचण्यासारखं काही नव्हतं हो. मीसुद्धा घरचं जुनं मशीन उघडून पाहिलं. ६४ बिट निघालं. थोडं वाईट वाटलं.

अर्धवट_सीए
दिवाळी अंकाचे पैसे?

निळी_शाई
पुढचा विषय घ्या.

नवा_सभासद_७७
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पण माझ्या मते थोडं थांबा, भाव उतरतील.

वऱ्हाडी_पोट्टा
बसा भाऊ, चहा घ्या. पह्यलं मारबतीचं वाचा.

अमरावतीचा_मास्तर
वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. हा धागा वाचून आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत जाऊन "अबाउट" उघडलं. ८.०० जीबी, ३.४६ वापरण्याजोगी. म्हणून शेजारचं उघडलं, तेच. एकूण चौदा मशीन आहेत, कुणीतरी एकाच सीडीवरून सगळ्यांत ३२ बिट टाकलेलं दिसतंय. मुलं तीन वर्षं "सर, हँग झालं" म्हणताहेत आणि आम्ही नव्या मशीनसाठी अर्ज करतोय. यांना तर डोंगलही नाही.

बर्डीकर
मग काय पाहून राहिले सर? अर्ज राहू द्या जरा. आधी एका मशीनवर ६४ बिट टाकून बघा, मुलांच्या फायली काढून घेतल्यावर. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. अडलं तर इथेच लिहा.